भट्टीगाडीची रेघ

लढाई संपल्याची बातमी आली तेव्हा आमच्या कचेरीत कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण सगळ्यांच्या हातात पेन्सिली होत्या. साहेबांनी फोन खाली ठेवला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "झालं. आता सगळ्यांना परत आणायचं." मग नाक शिंकरून कामाला लागले. लढणाऱ्यांना वाटतं, लढाई संपली की काम संपलं. आमचं तेव्हा कुठे सुरू होत होतं.

कचेरी म्हणजे मुलींच्या शाळेतला चित्रकलेचा वर्ग. बाकं एका कोपऱ्यात रचलेली, फरशीवर रंगांचे जुने डाग, आणि समोरच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच कागद. सोळा पावलं लांब. वरच्या कडेला आमचं शहर, खालच्या कडेला सैन्याचा तळ, मधे आडव्या रेघांवर एकोणतीस स्टेशनं. डावीकडून उजवीकडे तास सरकायचे. गाडी म्हणजे या कागदावरची एक तिरकी रेघ. शहरातून तळाकडे जाणारी गाडी वरून खाली उतरते, तळाकडून येणारी खालून वर चढते. रूळ एकच, त्यामुळे जिथे दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे एका गाडीला बाजूला उभं राहावं लागतं. कुणी उभं राहायचं, ते मी ठरवायचे. दुकानात पाव गुंडाळून देणारी बाई मी, आणि माझ्या पेन्सिलीपुढे इंजिनं थांबायची. मला त्याचा गर्व होता. होता तर होता, लपवायचं कशाला?

ही नोकरी मला त्या पावांमुळेच मिळाली. पाव गुंडाळायचे कागद मी पट्टी न लावता सरळ रेघेत फाडायचे, ते साहेबांनी गिऱ्हाईक म्हणून आले असताना पाहिलं. तेव्हा माझ्या लग्नाला जेमतेम अकरा महिने झाले होते आणि नवऱ्याला सैन्याने नेऊन महिना. तो पाववाला. बंदूक त्याने कधी हातात धरली नाही. सैन्याची एक भट्टीगाडी होती, बारा डबे, प्रत्येकात विटांची भट्टी, छपरावर धुराडं. तीस-पस्तीस पाववाले त्या गाडीत राहायचे आणि रोज चाळीस हजार माणसांचा पाव काढायचे. त्याची पत्रं तीन ओळींची यायची. मी बरा आहे. पीठ ओलसर मिळतं. आईला सांग. तो घरातही एवढंच बोलायचा, त्यामुळे मला पत्रं वाचताना तो समोर बसल्यासारखाच वाटायचा.

चार वर्षं माझा हात त्या कागदावर खाली उतरत राहिला. पीठ, तंबू, घोडी, माणसं, सगळं खाली. वर येणाऱ्या रेघा साहेब स्वतः काढायचे, निळ्या पेन्सिलीने. त्या जखमींच्या गाड्या. ती पेन्सिल त्यांनी कधी कुणाच्या हाती दिली नाही. रेघ काढायची, खोडायची, पुन्हा काढायची, दोन मिनिटं तरी वाचतात का ते बघायचं. त्यांच्या कोटाच्या बाह्या कायम रबराच्या भुग्याने भरलेल्या. आम्ही त्यांना पाठीमागे खोडरबर म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं.

बातमी आली त्या दिवशी त्यांनी निळी पेन्सिल माझ्यापुढे धरली. "आता सगळ्या वरच येणार. माझ्या एकट्याच्याने होणार नाही."

पहिल्याच दिवशी मी तीन गाड्या उलट्या काढल्या. हाताला वर जाणं ठाऊकच नव्हतं. खोडरबर आपलं नाव सार्थ करून गेले. आठवडाभरात हात वळला.

मग ते अडीच महिने आले. आयुष्यातले बरेच महिने मला आठवत नाहीत, ते मात्र झोपेतही आठवतात. दीड लाख माणसं, अकरा हजार घोडी, तंबू, गाडे, स्वयंपाकाची भांडी, घोड्यांच्या नालांची पोती, कुणाच्या तरी हुकमावरून जपून ठेवलेला एक पियानो. सगळं एकाच रुळावरून वर चढत होतं. फोनवाली आमच्या कोपऱ्यात बसून एकेका स्टेशनची खबर मोठ्याने सांगायची. तिचा आवाज जाड आणि झोपाळू. "जुन्या घंटेच्या स्टेशनवर आठशे माणसांची गाडी तासभर उभी होती. कुणीच खाली उतरलं नाही. मास्तरांनी डोकावून पाहिलं. सगळे झोपलेत म्हणे. उभेसुद्धा झोपलेत." पुढच्या स्टेशनवरही तेच. त्याच्या पुढेही. अख्खं सैन्य झोपेत घरी येत होतं, आणि त्या झोपेला धक्का लागू नये म्हणून आम्ही इकडे पेन्सिली हळू टेकवायचो. खुळेपणा होता, पण सगळेच करायचे.

संध्याकाळी घरी जाताना रस्त्यात ते लोक दिसायचे. दारात खुर्ची टाकून बसलेले, बुटाच्या नाड्या सोडलेले, समोर बघत असलेले. त्यांच्या बायका आत भांडी जरा कमी आवाजात लावायच्या. शहर माणसांनी भरत होतं आणि तरी दिवसेंदिवस शांत होत होतं.

घरी सासूबाई पिठाच्या परातीवरून मान वर करून विचारायच्या, "कुठवर आला?"

"अजून तळावरच आहेत, आई. भट्टीगाडी सगळ्यात शेवटी निघणार."

"शेवटी का?"

"शेवटचा माणूस निघेपर्यंत पाव लागतो ना."

"माझ्या लेकाचं लहानपणापासून असंच," त्या म्हणायच्या. "सगळ्यांचं खाऊन झालं की याचा नंबर." आणि परातीतला गोळा असा आपटायच्या की खिडकीची काच थरथरायची. चार वर्षं दुकान त्यांनी एकटीने चालवलं होतं. आधी त्या फक्त गल्ल्याच्या किल्ल्या सांभाळायच्या. आता भट्टीही त्यांची होती, पीठही त्यांचं होतं, आणि गिऱ्हाइकं म्हणायची की पाव पूर्वीपेक्षा बरा लागतो.

मला तो नियम आवडायचा. भट्टी शेवटी. मी रोज कागदाच्या खालच्या कडेवर बोट ठेवायचे, तिथे तो होता, आणि मनात म्हणायचे, असू दे अजून चार दिवस. मग स्वतःचीच लाज वाटायची. शेजारणी नवरे येणार म्हणून पडदे धूत होत्या आणि मी आपली गाड्या मोजत होते.

त्याचं कारण साहेबांनी एका सोमवारी सांगून टाकलं. "शेवटची रेघ वरच्या कडेला टेकली की ही खोली शाळेला परत. कागद गुंडाळून ठेवून देऊ. बाई, तुमची सुटका."

सुटका! शेवटची रेघ म्हणजे माझा नवरा. तो ज्या दिवशी घरी येईल त्याच दिवशी माझी पेन्सिल जाईल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात उभी राहून पाव गुंडाळत असेन. मला तो हवा होता. खोटं नाही, त्याच्या पाठीवरचा पिठाचा वास मला चार वर्षं आठवत होता. आणि मला पेन्सिलही हवी होती. दोन्ही एकाच रुळावर समोरासमोर येत होती आणि बाजूला कुणाला उभं करायचं, हे मला ठरवता येत नव्हतं.

अखेर तळ रिकामा झाला. भट्टीगाडी निघाली. सव्वा दिवसात ती पुलाच्या स्टेशनवर आली, वाटेच्या बरोबर मधोमध. तिथला पूल लढाईत पडला होता, त्याजागी लाकडी बांधला होता. जड गाडी त्यावरून फक्त दिवसाउजेडी न्यायची, म्हणून ती मुक्कामाला थांबली. रोज सकाळी मी तेच करायचे, काल जिथे गाडी थांबली त्या ठिपक्यापासून पुढची रेघ काढायची. त्या दिवशीही काढली. बाहेर ऊन छान पडलं होतं, वर्गात खडूचा वास होता, मी निळ्या पेन्सिलीला टोक केलं आणि त्या ठिपक्यापासून एक सुंदर, सरळ रेघ ओढली. फोनवालीने ती स्टेशनांना वाचून दाखवली. दिवसभर ती मधून मधून सांगत होती, "भट्टीगाडी वेळेवर," आणि मी रेघेवर एकेक बारीक गोल काढत होते. एकही मिनिट चुकलं नाही. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात वेळेवर धावलेली गाडी.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोनवालीने फोनवर हात ठेवला आणि कधी नव्हे ती कुजबुजली. "तळावरून फोन आहे."

"तळावर कोण आहे? तळ रिकामा झाला."

"सांधेवाला आहे, रूळ बदलणारा. म्हातारा. म्हणतो, इथे मी एकटा आहे आणि चाळीस हजारांच्या पावाच्या भट्ट्या येऊन उभ्या आहेत. काय करू म्हणतो."

मी भिंतीकडे बघितलं. पुलाच्या स्टेशनपासून माझी रेघ खाली उतरली होती. सगळ्या कागदावर तेवढी एकच, बाकीच्या साऱ्या वर चढणाऱ्या, आणि ही त्यांना पाठ दाखवत तळापर्यंत गेलेली. त्यावर माझ्याच हातचे गोल गोल. फोनवालीने ती वाचली, टंकलेखकाने ती उतरवली, स्टेशन मास्तरांनी ती ऐकली, इंजिनवाल्याने इंजिन या टोकाचं त्या टोकाला आणून लावलं. कुणाच्या तोंडून ब्र निघाला नाही. चार वर्षं गाड्या तिकडेच तर जात होत्या.

खोडरबर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"सवयीने गेला असेल हात," ते म्हणाले.

मी मान हलवली. पण सवयीने कसा जाईल? अडीच महिने माझा हात नीट वर चढत होता, रोज दहा दहा गाड्या. नेमकी हीच खाली गेली. साहेबांना ते दिसत नव्हतं असं नाही. त्यांनी खिशातून रबर काढलं आणि रेघ खोडायला लागले. खोडून झाल्यावरही कागदात खाच राहिली होती, इतकी मी पेन्सिल दाबली होती.

"तीन दिवस उशीर," ते म्हणाले. "फार नाही. माणसं आपली जिवंत आहेत." मग भुगा झटकत पुढे म्हणाले, "ही खोली तीन दिवस आणखी लागेल, असं शाळेला कळवतो." आणि माझ्याकडे न बघता गेले.

संध्याकाळी सासूबाईंना सांगायचं म्हणजे माझ्या जिवावर आलं. मी दारातूनच सांगून टाकलं, की गाडी चुकून मागे गेली.

"मागे म्हणजे तळावर?"

"हो."

"सुखरूप आहे ना?"

"हो, आई."

"मग असू दे दोन दिवस," त्या म्हणाल्या, आणि परातीकडे वळल्या. थोड्या वेळाने गुणगुणायला लागल्या. रोज कुठवर आला म्हणून माझा जीव खाणारी ही बाई. मला काही उलगडा होईना.

चौथ्या दिवशी ती रेघ वरच्या कडेला टेकली. मीच टेकवली. फोनवालीने कानावरचा फोन काढून टेबलावर ठेवला आणि ती पहिल्यांदा खिडकीबाहेर बघत बसली. साहेबांनी कागद सोडवला, गुंडाळायला चौघं लागलो. सगळ्या गाड्या आत एकमेकींवर गुंडाळल्या गेल्या. निळी पेन्सिल बोटाएवढी उरली होती. मी ती परत द्यायला गेले तर त्यांनी हात मागे घेतला. मी कानामागे खोवली आणि स्टेशनवर गेले.

बारा धुराड्यांची गाडी फलाटाला लागली. तो उतरला. केस पांढरे झाले होते, मला वाटलं पीठ असेल, म्हणून मी झटकायला हात पुढे केला आणि मधेच थांबवला. तो हसला. आम्ही दोघं चालत घरी आलो. वाटेत तो म्हणाला, "रस्ता अरुंद झालाय." मी म्हटलं, "नाही, तेवढाच आहे." एवढंच बोलणं झालं. जेवला, आईच्या पाया पडला, झोपला. झोपेत त्याचे हात पांघरुणावर मळत राहिले.

पहाटे जाग आली तर शेजारी तो नव्हता. खाली भट्टीच्या खोलीत गेले. सासूबाई कोपरापर्यंत पिठात होत्या आणि तो दारात उभा.

"तू बस," त्या त्याला सांगत होत्या. "दमून आलायस."

तो बसला. जरा वेळाने उठला, परातीकडे हात नेला. सासूबाईंनी परात आपल्याकडे ओढली. "बस म्हटलं ना. माझा हात लागलाय याला."

त्याने माझ्याकडे पाहिलं. दोघांच्याही एकदमच लक्षात आलं, भट्टी आता त्यांना सोडायची नव्हती. त्या रोज कुठवर आला म्हणून विचारत होत्या ते परात आपल्याकडे अजून किती दिवस आहे हे मोजायला, तेही मला कळलं. मी पिठाच्या पोत्यावर त्याच्या शेजारी जाऊन बसले. भट्टी तापत होती. आणि तो बोलायला लागला. मी त्याला सलग एवढं बोलताना तोवर कधीच ऐकलं नव्हतं.

"पुलाच्या स्टेशनवर सकाळी गाडी सुटली," तो म्हणाला, "आणि ऊन चुकीच्या खिडकीतून आलं. आम्हाला सगळ्यांना कळलं. सगळ्यांना. नदी मागे पडली, तीच झाडं परत आली. एक म्हणाला, आपण उलटे चाललोय. मग आमच्यातला सगळ्यात म्हातारा म्हणाला, पीठ मळा. तर आम्ही मळलं."

"कुणीच गाडी थांबवली नाही?"

"नाही. तळावर पोचलो तर तिथे कुणी नाही. गवतात नुसती तंबूंच्या खुंट्यांची भोकं. रस्ते होते, पण रस्त्यांवर माणसं नव्हती. पीठ फुगलं होतं, मग करणार काय? भट्ट्या पेटवल्या. चाळीस हजारांचा नाही, पण बराच पाव काढला. फळ्यांवर मांडून ठेवला, कुणी रांगेत येईल असा. सांधेवाल्याने दोन नेले. बाकीच्याला पाखरं आली. आम्ही गवतात पडून बघत होतो. फार बरं वाटत होतं." तो थांबला. "तुला वाईट वाटेल. पण मला आनंद झाला होता गं. घरी यायची भीती वाटत होती. तिथे मला माहीत होतं, किती वाजता उठायचं, किती पीठ घ्यायचं. दोन माणसांचं पीठ किती घेतात, मला आठवतच नव्हतं. गाडी मागे वळली तेव्हा वाटलं, वर कुणीतरी बसलंय आणि त्याने माझ्या मनातलं ओळखलं."

मी कानामागची पेन्सिल काढून त्याच्या हातात दिली. "वर मी बसले होते. ती रेघ मी काढली."

त्याने पेन्सिलीकडे बघितलं. "चुकून?"

खोटं बोलणं सोपं होतं. साहेबांनी शब्दसुद्धा तयार करून दिला होता. "माहीत नाही," मी म्हटलं. "हात खाली गेला. मी थांबवला नाही."

"मला घाबरत होतीस?"

"तुम्हाला नाही. तुमच्या येण्याला. तुम्ही आलात की मी पुन्हा दुकानात पाव गुंडाळणार. मला ते नकोय. मला गाड्या हव्यात. लढाई नसली तरी माणसं कुठे ना कुठे जातातच की."

आता हा गप्प होणार आणि त्या गप्प राहण्यातच सगळं ठरून जाणार, असं मला वाटलं. पूर्वी तसंच व्हायचं. पण त्याच्या खांद्याला हिसका बसला, मला वाटलं रडतोय, तर तो हसत होता. मग खरंच रडला. मीही रडले. चार वर्षांत आम्ही एकमेकांना कळवायचं राहिलेलं सगळं एका उलट्या गाडीतून कळवलं होतं.

"रेल्वेच्या कचेरीत विचारून बघ," तो डोळे पुसत म्हणाला. "किती वाजता उघडते?"

"नऊला."

"मी येतो बरोबर. इथे मला कुणी पिठाला हात लावू देत नाही."

"ऐकू येतंय मला," सासूबाई मान न वळवता म्हणाल्या. त्यांनी भट्टीचं दार उघडलं, लांब फावडं आत घातलं आणि पहिला घाणा बाहेर काढला. एक पाव उचलून दोन्ही हातांत झेलत झेलत आमच्यापाशी आल्या. दुकान उघडायला अजून अर्धा तास होता, रस्त्यावर कुणी नव्हतं.

"घे," त्या त्याला म्हणाल्या. "आज कुणी खायच्या आधी तू."

त्याने पाव मोडला. चार वर्षांत त्याच्यासाठी म्हणून कुणी पाव भाजला नव्हता. पहिला घास त्याने बराच वेळ तोंडात ठेवला, मग उरलेला अर्धा माझ्यापुढे धरला, आणि आम्ही दोघं पोत्यावर बसून तो गरम असेपर्यंत खात राहिलो.